नावातच यहुदी

१२ मार्च २०२४. रमजानचा पहिला रोजा. शाळा सकाळची झाली होती आणि सेहरीसाठी उठलेली मुले डोळे चोळत परिपाठाला उभी होती. दिनविशेष वाचायची पाळी सातवीतल्या एका मुलाची होती. मी लिहून दिलेली चिठ्ठी त्याने वाचली, ‘‘आज के दिन १९९९ में मशहूर वायलिन-नवाज यहूदी मेन्युहिन का इंतकाल हुआ.’’ रांगेत खसखस पिकली. वर्गात आल्यावर त्याने मला विचारले, ‘‘मॅडम, ये नाम है के गाली?’’

त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. ऑक्टोबर २०२३ पासून गाझातल्या ढिगाऱ्यांखालची मुले तो रोज मोबाइलवर पाहत होता. आणि खरे सांगायचे तर त्याआधीही आपल्या घरांत हा शब्द नुसता एका कौमेचे नाव म्हणून क्वचितच उच्चारला जाई. चिक्कू माणसाला, आतल्या गाठीच्या माणसाला आपण तो चिकटवत आलो आहोत. मी काही न बोलता फळ्यावर उर्दूत नाव लिहिले. ये, हे, वाव, दाल, ये. मग सांगितले की, इब्रानी लिपीतही हे नाव उजवीकडून डावीकडे, याच पाच अक्षरांनी लिहितात. योद, हे, वाव, दालेत, योद. मुलांना गंमत वाटली. पण प्रश्न तसाच उरला. कुठले आईबाप आपल्या पोराचे नाव ‘यहुदी’ ठेवतील?

याचे उत्तर भाड्याच्या घराच्या एका गोष्टीत आहे. मोशे आणि मारुता मेन्युहिन हे मूळचे रशियन साम्राज्यातले ज्यू. दोघांची गाठ पॅलेस्टाईनमध्ये पडली आणि लग्न न्यूयॉर्कला झाले. मारुता गरोदर असताना दोघे घर शोधत फिरत होते. एक घर पसंत पडले. निघताना घरमालकीण खुशीत सांगू लागली की, मी ज्यूंना घर देत नाही, तुम्ही निश्चिंत राहा. आपण स्वतःच ज्यू आहोत असे सांगून दोघे बाहेर पडले आणि रस्त्यातच त्यांनी ठरवले की, होणाऱ्या मुलाचे नावच असे ठेवायचे की, पुढे कुणाला विचारायची गरज पडू नये. २२ एप्रिल १९१६ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यहुदी ठेवले. यहुदी म्हणजे ज्यू. मेन्युहिनने १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ही हकीकत सांगितली आहे.

मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. काही वर्षांपूर्वी मला सातवा महिना असताना आम्ही पुण्यात दोन खोल्या शोधत होतो. फोनवर नाव सांगितले की, खोली ‘आत्ताच गेली’ असायची. एका बाई मात्र सरळ होत्या. त्यांनी आत बोलावले, पाणी दिले आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही चांगल्या घरच्या दिसता हो, पण सोसायटीत चालत नाही.’’ मुलगा झाला. आम्ही त्याचे नाव समीर ठेवले. संस्कृतात समीर म्हणजे वारा आणि अरबीत रात्री सोबतीला बसून गप्पा मारणारा. दोन्हीकडे चालते. मोशे-मारुताने केले त्याच्या नेमके उलट आम्ही केले. म्हणून या माणसाची गोष्ट मला केवळ एका वादकाची गोष्ट म्हणून सांगता येत नाही.

वादक तो असामान्य होता, यात शंका नाही. कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला गेले. बाप इब्रानी शिकवणाऱ्या शाळांचे काम पाही. तान्ह्या पोराला सांभाळणारे कुणी नसल्याने आईबाप त्याला घेऊनच मैफलीला जात. चौथ्या वर्षी त्याने व्हायोलिन मागितले. कुणीतरी पत्र्याचे खेळण्यातले आणून दिले, तर त्याने रागाने ते आपटले. मग पॅलेस्टाईनमधल्या आजीने पैसे पाठवले, तेव्हा खरे व्हायोलिन आले. शाळेत तो आयुष्यात एकच दिवस गेला. त्या दिवशी तो काय शिकला, असे घरी विचारले तर त्याला काही सांगता येईना. आईने दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद केली आणि शिक्षण घरीच सुरू केले. (आम्हा बी.एड. झालेल्यांना ही गोष्ट पचायला जड जाते!) पुढे याच माणसाने १९६३ साली इंग्लंडमध्ये संगीत शिकणाऱ्या मुलांसाठी निवासी शाळा काढली.

लुई पर्सिंजर हा त्याचा पहिला मोठा गुरू. सातव्या वर्षी तो सॅन फ्रान्सिस्कोत वाद्यवृंदासमोर वाजवून मोकळा झाला. १९२७ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये फ्रिट्झ बुश या जर्मन संचालकापुढे त्याला बीथोव्हेनचा कॉन्चेर्टो वाजवायचा होता. कॉन्चेर्टो म्हणजे पुढे एकटा वादक आणि मागे सगळा वाद्यवृंद. अकरा वर्षांच्या पोराच्या हाती अशी रचना द्यायची, हे बुशला रुचले नव्हते. मुलगा आला, त्याने व्हायोलिन वाद्यवृंदाच्या प्रमुख वादकाकडे दिले आणि सुरात लावून मागितले, कारण खुंट्या पिळायला त्याची बोटे पुरेशी बळकट नव्हती. मग वाजवू लागला. वाजवून झाल्यावर बुशचा विरोध उरला नाही.

१२ एप्रिल १९२९. बर्लिन. वय वर्षे अवघे बारा, तेरावे लागायला दहा दिवस होते. ब्रुनो वॉल्टरच्या संचालनाखाली त्याने एका संध्याकाळी बाख, बीथोव्हेन आणि ब्राह्म्स अशा तिघांचे कॉन्चेर्टो वाजवले. जर्मन संगीताच्या राजधानीत, जर्मनांच्या तीन मोठ्या रचनाकारांचे संगीत, ‘यहुदी’ नावाच्या पोराने. श्रोत्यांत आईन्स्टाईन होता. आकाशात देव आहे हे आज मला कळले, असे तो मुलाला मिठी मारून म्हणाल्याचे सांगतात. त्यानंतर चार वर्षांनी, १९३३ साली, याच शहरात हिटलरची सत्ता आली. ब्रुनो वॉल्टरला देश सोडावा लागला. विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर हा जर्मनीचा सर्वांत मोठा संचालक. आपल्या वाद्यवृंदाबरोबर वाजवायला त्याने काही ज्यू वादकांना बोलावून पाहिले. त्यांत मेन्युहिनही होता. त्याने नकार दिला. फुर्टव्हेंग्लरचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

मधला काळ कीर्तीचा. १९३२ साली लंडनला पंचाहत्तरीतल्या एल्गरने स्वतः संचालन करून या सोळा वर्षांच्या मुलाकडून आपला कॉन्चेर्टो मुद्रित करून घेतला. आधीच्या सरावात थोडे ऐकून म्हातारा समाधानाने घोड्यांच्या शर्यतीला निघून गेला, असा किस्सा आहे. पण या यशात एक खोट होती. लहानपणी इझाये नावाच्या बेल्जियन उस्तादाने त्याला ऐकले, वाहवा केली आणि मग एक साधा पलटा वाजवायला सांगितला. मुलाला तो धड वाजवता आला नाही. आपल्याकडे उस्ताद शागिर्दाला वर्षानुवर्षे पलटे घोटायला लावतात आणि मग राग देतात. इथे पोराने आधी राग गाठला होता आणि पलटे राहूनच गेले होते. इझायेने पलट्यांचा सराव करायला सांगितले. हा गेला रुमानियाच्या एनेस्कूकडे, जो सराव कमी आणि संगीत जास्त शिकवी. तिशीत याची किंमत द्यावी लागली. लहानपणी जे आपसूक येत होते ते येईनासे झाले, उजव्या हातातला गज थरथरू लागला. आपण वाजवतो कसे, हे त्याला मोठेपणी शून्यापासून शिकावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले. जुलै १९४५ मध्ये तो बेर्गन-बेल्सनला गेला. ब्रिटिश फौजेने एप्रिलमध्ये ही छळछावणी मुक्त केली तेव्हा आत साठ हजारांच्या आसपास कैदी होते आणि हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. बरोबर पियानोला बेंजामिन ब्रिटन हा तरुण इंग्रज रचनाकार होता. श्रोते म्हणजे जिवंत राहिलेले सांगाडे. कुणी लष्करी ब्लँकेटांपासून शिवलेले कपडे घातले होते. त्या गर्दीत अनिता लास्कर नावाची वीस वर्षांची मुलगी होती. ऑशविट्झमध्ये कैद्यांच्या बॅंडला चेलो वाजवणारे कुणीतरी हवे होते, म्हणून ती वाचली होती. संगीताने जीव वाचतो, याचा असाही एक अर्थ असतो.

हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस दोनच वर्षांनी, १९४७ साली, फुर्टव्हेंग्लरबरोबर वाजवायला उभा राहिला. आधी स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला आणि मग सप्टेंबरअखेरीस थेट बर्लिनमध्ये. युद्धानंतर जर्मनीत जाऊन त्याच्याबरोबर वाजवणारा हा पहिला ज्यू कलावंत.

फुर्टव्हेंग्लर नाझी पक्षाचा सभासद नव्हता. अनेक ज्यू वादकांना त्याने पळून जायला मदत केली, हे चौकशीत पुढे आले आणि तो सुटला. पण बाकीचे देश सोडून जात होते तेव्हा तो राहिला होता, आणि १९४२ साली हिटलरच्या वाढदिवसानिमित्तच्या समारंभात त्याने बीथोव्हेनची नववी सिंफनी वाजवून घेतली होती. मेन्युहिनचे म्हणणे असे की, सगळ्या जर्मनांना एकाच मापाने मोजले तर हिटलरने आपल्याला ज्या मापाने मोजले त्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

ज्यूंमध्ये संतापाची लाट उठली. बर्लिनजवळ ड्युपेल येथे छळछावण्यांतून वाचलेल्या निर्वासितांची वसाहत होती. त्यांच्यासाठी मेन्युहिनने खास कार्यक्रम ठेवला तर सभागृह जवळपास रिकामे राहिले. वसाहतीतल्या एका पत्रकाराने त्याच्यावर खरमरीत जाहीर पत्र लिहिले होते. मेन्युहिन तडक त्या वसाहतीत गेला आणि चिडलेल्या जमावासमोर उभा राहून बोलला. त्याच्या शब्दांनी लोक थोडे निवळले. मग पत्रकार बोलायला उठला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की, तुम्ही या शहरातून जाता तेव्हा किती इमारती पडल्या म्हणून हळहळता. आम्ही जातो तेव्हा किती अजून उभ्या आहेत म्हणून हळहळतो. तुम्ही आणि आम्ही एकमेकांना समजणे कठीण आहे.

मी हा प्रसंग अनेकदा मनात घोळवला आहे आणि दर वेळी मी त्या पत्रकाराच्या बाजूला जाऊन बसते. मेन्युहिनचे तत्त्व मोठे होते, पण माफी देण्याचा अधिकार त्याचा होता का? त्याचे घरदार कॅलिफोर्नियात सुखरूप होते. आपल्याकडेही दंगलीनंतर शांतता समितीच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसून हात मिळवणारे बहुधा ते असतात, ज्यांचे दुकान जळलेले नसते. तरीही एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायला हवी. तो लांबून पत्रक काढून थांबला नाही, ज्यांचे जळले होते त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. आणि १९५२ साली बर्लिनमध्ये त्याने याच फुर्टव्हेंग्लरबरोबर मेंडेल्सोनचा कॉन्चेर्टो मुद्रित केला. मेंडेल्सोन जन्माने ज्यू. नाझींनी त्याचे संगीत बंद पाडले होते आणि लाइपझिगमधला त्याचा पुतळा हटवला होता. त्या संगीताला बर्लिनमध्ये परत आणताना व्हायोलिन यहुदीच्या हातात होते.

किंमत त्याने दिली. १९५० साली तो इस्राएलला गेला तेव्हा जिवे मारण्याच्या धमक्या होत्या आणि पहाऱ्यात फिरावे लागले.

मेंडेल्सोन मुद्रित झाला त्याच वर्षी नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला. बिदागी घेतली नाही, उत्पन्न दुष्काळनिधीला दिले. हात आणि पाठ कुरकुरत असल्याने तो तेव्हा योगाच्या नादी लागला होता. दिल्लीत नेहरूंनी त्याला शीर्षासन करून दाखवायला सांगितले आणि त्याचे आसन पाहून स्वतःच करून दाखवले. मुंबईत त्याला भेटायला पुण्याहून बी. के. एस. अय्यंगार आले. पाच मिनिटांची वेळ ठरली होती. अय्यंगारांनी त्याला जमिनीवर निजवले आणि बोटांनी डोळे-कान मिटवले, तर दमलेला पाहुणा चक्क झोपी गेला. पुढे त्याने अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावले आणि एक घड्याळ भेट दिले. त्यावर कोरलेल्या मजकुरात त्यांना आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हटले होते. पुण्याचे हे योगगुरू जगाला ठाऊक झाले त्याची सुरुवात इथून आहे.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची भेट दुसरी. त्याने दिल्लीत रविशंकरांना ऐकले आणि हिंदुस्तानी संगीताने तो भारावला. १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मैफल करण्यासाठी त्याने रविशंकरांना बोलावले. त्यांना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी आपल्या गुरूच्या मुलाचे नाव सुचवले. ते म्हणजे अली अकबर खाँ, मैहरच्या बाबा अलाउद्दीन खाँसाहेबांचे चिरंजीव. बाबांचे घर म्हणजे नावांच्या बाबतीत एक अजबच घर. पाच वेळा नमाज पढणारे बाबा शारदेच्या देवळातही जात. त्यांची मुलगी रोशनआरा जगाला अन्नपूर्णादेवी म्हणून ठाऊक झाली. आणि बाबा स्वतः सरोदिये असूनही व्हायोलिन उत्तम वाजवत. कलकत्त्यात उमेदवारीच्या दिवसांत ते त्यांनी लोबो नावाच्या गोव्याच्या बॅंडमास्तराकडून शिकून घेतले होते. वाईचे वि. गो. जोग, ज्यांच्या व्हायोलिनची बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईशी जुगलबंदी आपण ऐकली आहे, तेही बाबांकडे शिकले.

तर अली अकबर न्यूयॉर्कला गेले. साथीला तबल्यावर चतुरलाल. तिथेच भारतीय शास्त्रीय संगीताची पहिली लाँग प्ले तबकडी निघाली. एका बाजूला सिंधुभैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू. सुरुवातीला मेन्युहिनचा आवाज आहे. तो अमेरिकन श्रोत्यांना तानपुरा म्हणजे काय, राग म्हणजे काय, ताल कसा मोजायचा हे शिकवतो. जगातला नामांकित वादक स्वतःच्या वाद्याला हातही न लावता दुसऱ्याची ओळख करून देण्यासाठी बसला आहे, असे दृश्य कला-जगात फारसे दिसत नाही. अली अकबर हे आपल्याला माहीत असलेले सर्वश्रेष्ठ संगीतकार आहेत, असे तो उघड म्हणे. त्यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात आपले विद्यालय काढले आणि २००९ साली तिथेच त्यांचा इंतकाल झाला. हजारो गोऱ्या मुलामुलींनी मैहरची तालीम त्यांच्याकडून घेतली.

१९६६ साली इंग्लंडमध्ये बाथच्या महोत्सवात मेन्युहिन रविशंकरांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसला. तबल्यावर अल्लारखाँ होते, झाकीर हुसेन यांचे वडील. रागाची चौकट त्याला जेमतेम जमे आणि वाजवायचे बहुतेक आधी बांधून दिलेले असे. त्या वेळचे मुद्रण आज ऐकताना व्हायोलिन थोडे बिचकते, हे लपत नाही. पन्नाशीतला उस्ताद पुन्हा शागिर्द होऊन बसलेला ऐकू येतो. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या तबकडीला अमेरिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि मानवी हक्क दिनी, १० डिसेंबर १९६७ रोजी, तिघांनी संयुक्त राष्ट्रसंघात वाजवले.

आता मुलाच्या प्रश्नाकडे परत यायला हवे, कारण गाझाची मुले अजून तिथेच आहेत. मेन्युहिनचे वडील मोशे पॅलेस्टाईनमध्येच वाढले आणि तिथेच शिकले. ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र या कल्पनेला ते आयुष्यभर कडवा विरोध करत राहिले आणि १९६५ साली त्यांनी त्यावर एक जळजळीत पुस्तक प्रसिद्ध केले. मुलाचे नाव यहुदी ठेवणारा हाच बाप. आपल्या कौमेचा अभिमान आणि आपल्या कौमेच्या राजकारणाला विरोध या दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात, हे मला या घराने दाखवले. मुलगा बापाइतका टोकाचा नव्हता. त्याचे इस्राएलवर प्रेम होते, तिथे तो पुनःपुन्हा वाजवायला जाई. पण १९९१ साली इस्राएलने त्याला वुल्फ पुरस्कार दिला, तेव्हा क्नेसेटमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत, उभे राहून त्याने ताब्यातल्या प्रदेशांतल्या कारभारावर टीका केली. भीतीच्या जोरावर राज्य करणे आणि एका परावलंबी जनतेचा हळूहळू गळा आवळणे, ज्यांनी स्वतः हे सगळे सोसले आहे त्यांनी तरी हा मार्ग सर्वांत शेवटी धरायला हवा होता, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ होता. हातात त्यांचाच पुरस्कार होता. समोर त्यांचेच मंत्री आणि खासदार बसले होते. १९४७ साली त्याने आपल्या लोकांना शत्रूला माफ करा म्हटले होते. ते मला पटत नाही. १९९१ साली त्याने आपल्याच लोकांना तुमचे चुकते आहे म्हटले. इथे तो अधिकार पुरेपूर त्याचा होता आणि तो नावातच लिहिलेला होता. हेच वाक्य दुसऱ्या नावाच्या माणसाने म्हटले असते, तर ते किती सहज झटकून टाकता आले असते!

हे मी सातवीला एवढ्या शब्दांत सांगितले नाही. घरमालकिणीची गोष्ट मात्र सांगितली. ती त्यांना लगेच कळली. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ती कुठल्या ना कुठल्या रूपात घडलेलीच होती. मग मोबाइलवर १९५५ ची तबकडी लावली. इंग्रजीत बोलणारा संथ, आदबशीर आवाज, मग तानपुरा, मग सरोद. रोज्याने सुकलेली मुले गप्प ऐकत होती. ‘‘ये बोल रहे वोच यहूदी?’’ त्या मुलाने विचारले. मी हो म्हटले. ‘‘और बजा रहे वो?’’ मी म्हटले, अली अकबर. त्याने वहीत दोन्ही नावे एकाखाली एक लिहून घेतली.

मेन्युहिन मार्च १९९९ मध्ये वाद्यवृंदाचे संचालन करण्यासाठी बर्लिनला गेला होता. वय ब्याऐंशी. तिथे तो आजारी पडला आणि १२ मार्चला तिथेच वारला. १९२९ साली जिथे त्याला डोक्यावर घेतले आणि १९४७ साली जिथे त्याच्याच लोकांनी सभागृह रिकामे ठेवले, तेच हे शहर. त्याला इंग्लंडला नेऊन त्याने काढलेल्या शाळेच्या आवारात दफन केले. त्या शाळेत आजही मुले आपापल्या खोल्यांत पलटे घोटत असतात.